ड्रिल काढण्याआधी गेटच्या कडीपाशी उभे राहा

नाशिकच्या सिडकोत चौथ्या स्कीमला माझं घर. सोळा वर्षं झाली, लोकांच्या भिंतींना भोकं पाडून कॅमेरे टांगतोय. त्याआधी अंबडला एका कारखान्यात वायरमन होतो. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाचा फोनवरचा पहिला प्रश्न काही बदललेला नाही: "दादा, किती मेगापिक्सेलचा घेऊ?" कुठे लावू, हे कोणी विचारत नाही. ते चोरी झाल्यावर विचारतात.

धंद्यात नवा होतो तेव्हा मीही विचारलं नव्हतं. गंगापूर रोडला एक बंगला होता. मालक काका म्हणाले, "उंच लाव रे, कोणाचा हात पोचायला नको, आणि सगळं दिसायला पाहिजे." मी पहिल्या मजल्याच्या सज्ज्याखाली, १४ फुटांवर लावून दिला. स्क्रीनवर अख्खं अंगण, गेट, रस्ता, रस्त्यापलीकडचं नारळाचं झाडसुद्धा. काका खूश, मी खूश. तीन महिन्यांनी पोर्चमधली ॲक्टिव्हा गेली. फुटेजमध्ये काय, तर टोपी. एक पांढरी टोपी आत आली, गाडीपाशी वाकली, गाडीसकट निघून गेली. काकांनी मला बोलावून ती क्लिप तीनदा दाखवली. बोलले काहीच नाहीत, काकूंना चहा टाकायला सांगितला. तो चहा मला अजून आठवतो.

नंतर घरी बसून कागदावर मांडलं. माणसाचं तोंड जमिनीपासून साडेपाच फुटांवर. कॅमेरा १४ फुटांवर, माणूस १० फुटांवर उभा, म्हणजे कॅमेरा त्याच्याकडे साधारण ४० अंश वाकून बघतो. टोपीची झाप किंवा हेल्मेट असलं की संपलं. तोच कॅमेरा ९ फुटांवर आणला तर कोन २० अंशांच्या आत येतो आणि टोपीखालचं नाक, हनुवटी, मिशी दिसायला लागते. तेव्हापासून माझी उंची ठरलेली: ८ ते ९ फूट. हात पोचतो का? उडी मारून पोचतो. पोचू दे. कॅमेऱ्याला हात घालायला आलेला माणूस आधी त्याच्यात तोंड घालतो, आणि आपल्याला तेच हवं असतं. भीती वाटत असेल तर नळकांड्यासारख्या बुलेटऐवजी घुमटासारखा डोम लावा, पकडून वाकवायला त्याला काही नसतं.

आता अंतर. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. नेहमीचा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे आडवे १९२० ठिपके. अनोळखी माणूस चेहऱ्यावरून खात्रीने ओळखायचा तर दर मीटरला साधारण २५० ठिपके लागतात, हे या क्षेत्रातलं आंतरराष्ट्रीय माप आहे. १९२० ला २५० ने भागा: पावणेआठ मीटर, म्हणजे २५ फूट रुंदीचं चित्र. त्याहून रुंद भाग दिसत असेल तर माणूस दिसेल, चेहरा मिळणार नाही. दुकानात सर्रास मिळते ती २.८ एमएमची लेन्स १०० अंशांच्या वर पसरते. तिच्यातून १० फुटांवरच २५ फूट रुंदी भरून जाते. थोडक्यात, तुमच्या 'सगळं दिसणाऱ्या' कॅमेऱ्यात चेहरा १० फुटांपर्यंतच. तेही दिवसा. पुढचं सगळं हलणाऱ्या बाहुल्या. ६ एमएमची लेन्स घेतली तर चित्र अरुंद होतं, पण चेहरा २५ फुटांपर्यंत नेता येतो. गेट घरापासून लांब असेल तर ही लेन्स मागा. दुकानदार "२.८च चालते सगळीकडे" म्हणेल. त्याच्याकडे स्टॉक तोच असतो.

एकच कॅमेरा अंगणही दाखवेल आणि चेहराही देईल, ही आशा सोडून द्या. दोन घ्यायची ऐपत असेल तर एक रुंद, एक अरुंद. एकच परवडत असेल तर चेहऱ्याचा घ्या.

मग चेहरा कुठे मिळेल? माणूस चालताना मिळत नाही, थांबतो तिथे मिळतो. म्हणून पहिलं काम: घराबाहेर जा, अनोळखी असल्यासारखे परत या आणि आपण कुठे कुठे थांबतो ते बघा. गेटच्या कडीपाशी थांबाल, पण तिथे मान खाली असते, विशेषतः आपल्याकडच्या गंजलेल्या कड्यांपाशी. चपला काढताना थांबाल, तिथेही मान खाली. बेल दाबल्यावर मात्र माणूस मान वर करून दाराकडे किंवा नावाच्या पाटीकडे बघतो. कुरिअरवाला बघतो, मतं मागायला आलेला बघतो, आणि घरात कोणी आहे का याची टेहळणी करायला आलेलाही बेल दाबून तिथेच बघत उभा राहतो. दाराच्या बाजूच्या भिंतीवर, पाटीच्या वर हातभर, हा माझा पहिल्या क्रमांकाचा कॅमेरा. मी तो अगदी दारावर मधोमध लावत नाही, कडेला लावतो. का, ते उन्हाच्या गोष्टीत येईल.

कडीचा कॅमेरा लावायचाच तर गेटच्या आतल्या बाजूच्या खांबावर, माणसाच्या तोंडाच्या खाली, कडीकडे तिरपा. खाली बघणाऱ्याचा चेहरा खालूनच मिळतो. तेवढ्या खाली कॅमेरा ठेवायला लोक घाबरतात, पण लोखंडी जाळीचा पिंजरा कोणताही वेल्डर करून देतो.

सिडकोच्या घरांचं गणित वेगळं. पाठीला पाठ, भिंतीला भिंत, पुढे दीड पावलाचा ओटा आणि त्याला ग्रील. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातल्या भाजीचा वास आपल्याकडे आधी येतो. इथे खालचा दरवाजा फोडण्यापेक्षा शेजारच्या पत्र्यावरून गच्चीत येणं सोपं. मी बघितलेल्या तीन चोऱ्या गच्चीच्या दारातून झाल्या, आणि तिन्ही घरांत कॅमेरा पुढच्या दाराला होता. गच्चीचं दार उघडलं की जिन्याचं पहिलं वळण लागतं. तिथे आतून एक कॅमेरा ठेवा. पावसाची भीती नाही, उन्हाचा त्रास नाही, आणि जिना उतरणारा माणूस सरळ कॅमेऱ्याच्या तोंडावर येतो. पावलं बघत उतरतो म्हणून हा कॅमेरा खालच्या लँडिंगवर, ७ फुटांवर, वर बघणारा. सगळ्यात स्वस्तात पडणारी, सगळ्यात कामाची जागा.

आता ऊन. वास्तूमुळे म्हणा, हौसेमुळे म्हणा, नाशकात पूर्वेच्या दाराचा हट्ट फार. दारावर मधोमध लावलेला कॅमेरा मग थेट पूर्वेला बघतो आणि सकाळी सात ते नऊ त्याला पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही. दूधवाला, पेपरवाला, कामवाल्या मावशी, सगळे काळ्या सावल्या. डब्ल्यूडीआर नावाची सोय असते, खोक्यावर १२० डीबी असं लिहिलेलं असेल तर ती खरी. उजेड-अंधाराचा तोल ती सांभाळते, पण सूर्य सरळ लेन्समध्ये आला तर तीही हात टेकते. म्हणून कॅमेरा कडेच्या भिंतीवर घ्या आणि तोंड उत्तरेकडे वळेल असं बघा. नाशिक २० अंश अक्षांशावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचे दोन महिने सोडले तर दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेलाच असतो, त्यामुळे उत्तरेला बघणारा कॅमेरा जवळजवळ वर्षभर सुखी. आणि नोव्हेंबरात बघून ठरवलेली जागा मे महिन्यात दगा देते: हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, उन्हाळ्यात ईशान्येकडे सरकतो. जागा ठरवताना दोन्ही कोपऱ्यांकडे बघून घ्या.

घराच्या आतून दाराकडे बघणारा कॅमेरा लावणाऱ्यांचंही हेच होतं. दार उघडलं की मागून उजेड, पुढे काळा ठोकळा. तोच कॅमेरा दाराच्या बाजूच्या भिंतीवर घेतला की चोख.

पावसाचं एकच सांगतो. आपल्याकडे मृगापासून वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. त्या बाजूला तोंड असलेल्या लेन्सवर थेंब बसतात आणि रात्री प्रत्येक थेंब दिव्यासारखा चमकतो. निदान दीड फूट सज्जा डोक्यावर पाहिजे. वायर कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, पाणी तिथून टपकून जाईल. जोड उघडा ठेवू नका, ४ बाय ४ चा पीव्हीसी बॉक्स मागा. काही पोरं बॉक्सचे पैसे वाचवायला जोडाला नुसती काळी टेप गुंडाळतात. पोळ्यापर्यंत आतलं तांबं हिरवं होतं.

दिवसाचं झालं. खरी परीक्षा रात्रीची. अंधारात कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड उजेड टाकतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आणि जी वस्तू सगळ्यात जवळ तिच्यावर तो सगळ्यात जास्त पडतो. कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर पांढरा रंग दिलेला खांब किंवा सज्ज्याची कडा असली की ती झगमगते, कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि मागचं अंगण काळंकुट्ट. इंदिरानगरला एका मॅडमचा फोन: "रोज रात्री दोन वाजता घरात काहीतरी फिरतं, पांढरं, लांब." त्यांच्या सासूबाईंनी नारळ उतरवून झाला होता. मी जाऊन बघितलं तर लेन्सच्या पुढे कोळ्याचा एक धागा. वारा आला की हलायचा, हलला की कॅमेरा अलर्ट पाठवायचा. खराट्याच्या काडीने काढला. पैसे घेतले नाहीत, सासूबाईंनी नारळाची वडी दिली.

कोळी येतात कारण इन्फ्रारेडच्या उबेला आणि शेजारच्या ट्यूबला किडे येतात. म्हणून कॅमेरा आणि पोर्चचा दिवा एकमेकांना चिकटवू नका, चार-पाच फूट लांब ठेवा. दिवा मात्र असू द्या. पिवळा मंद का होईना, पण अंगणात रात्रभर उजेड असेल तर शर्टाचा रंग मिळतो, गाडीचा रंग मिळतो. नुसत्या इन्फ्रारेडवर सगळं राखाडी, आणि काळा शर्ट कधीकधी पांढराही दिसतो.

पारिजातक, कढीपत्ता, मोगऱ्याचा वेल: चित्रात हलणारं पान आलं की अलर्ट आलाच. रस्ता दिसत असेल तर प्रत्येक रिक्षेचा अलर्ट. दोन दिवसांत माणूस कंटाळून सूचना बंद करतो आणि तिसऱ्या दिवशी चोर येतो. रस्ता चित्रातून काढा किंवा सेटिंगमध्ये फक्त अंगणाचा चौकोन आखा. एक बारकावा: बॅटरीवरच्या वायफाय कॅमेऱ्यांत बहुधा अंगाची ऊब टिपणारा सेन्सर असतो. समोरून सरळ चालत येणाऱ्याला तो उशिरा पकडतो, आडवा जाणाऱ्याला पटकन. असा कॅमेरा गेटच्या नाकासमोर नको, वाटेला आडवा धरा.

दिंडोरीकडच्या मळ्यात लावायचा असेल तर मी वर सांगितलेलं अर्धं विसरा. तिथे काम बहुतेक बिबट्याचं. गोठ्यात वासरू, दारात कुत्रं, आणि बाजूला ऊस. बिबट्याचा चेहरा ओळखायचा नसतो. तो आहे की शेजाऱ्याचा कुत्रा, एवढं कळलं की बाहेर पडायचं की नाही ते ठरवता येतं. त्याला दर मीटरला साठ-पासष्ट ठिपके पुरतात, म्हणजे साधी २.८ ची लेन्सही ३५-४० फुटांपर्यंत काम भागवते. इथे उंची १२ फूट चालेल, दोन कॅमेरे एकमेकांच्या पाठी बघतील असे लावा, आणि लाइट गेल्यावर काय हे आधी विचारा. शेतात सिंगल फेज कधी जाईल भरवसा नसतो, कॅमेऱ्यासोबत इंटरनेटचा डबाही इन्व्हर्टरवर पाहिजे.

आता ज्यावरून भांडणं होतात ते. पंचवटीत एका वाड्यात काम होतं. तीन भावांचा वाडा, मधे चौक, मधल्या भावाने मला बोलावलेलं. मी जिन्याच्या कठड्याला क्लॅम्प मारत होतो, तेवढ्यात समोरच्या खोलीतून थोरल्या घरच्या आजी आल्या. नव्वदीच्या असतील. म्हणाल्या, "बाळा, तुझं ते भोकाडं कुठे बघतंय?"

"चौकात, आजी. दारावर लक्ष राहावं म्हणून."

"आणि माझी मोरी?"

मी फोनवर चित्र उघडून दाखवलं. उजव्या कोपऱ्यात मोरीचं अर्धं दार स्वच्छ दिसत होतं. आजींनी चष्मा वर केला, चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी शिडीवर चढून कॅमेरा वाड्याच्या मोठ्या दरवाजाकडे फिरवला, उरलेल्या कोपऱ्यावर सेटिंगमधून काळी पट्टी टाकली आणि आजींना पुन्हा दाखवलं. "आता बसव," म्हणाल्या. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी ड्रिल लावण्याआधी शेजारच्या घरातल्या बाईमाणसाला चित्र दाखवतो. गिऱ्हाइकाला आवडो न आवडो.

ही नुसती सभ्यता नाही. कोणाचं खासगी अवस्थेतलं चित्र संमतीशिवाय टिपलं तर आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि सामाईक घराचं म्हणाल तर कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दोन भावांच्या वादात सांगितलंय की, सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे नकोत. सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल केला नाही. सिंहस्थ जवळ आल्यापासून पंचवटीतून खोल्या भाड्याने देणाऱ्यांचे फोन वाढलेत. त्यांना मी एकच सांगतो: बोळात लावा, जिन्यात लावा, खोलीत लावायला मला बोलावू नका. घरात काम करणाऱ्या मावशींनाही कॅमेरा कुठे आहे ते तोंडाने सांगा. आणि कपाटाकडे बघणारा कॅमेरा नंबरच्या कुलपाकडे बघत नाही ना, हे तपासा, नाहीतर तुमचा आकडा तुमच्याच फोनमध्ये साठत राहतो.

डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, कुठे ठेवायचा, हाही जागेचाच प्रश्न, आणि लोक तो टीव्हीखाली, हॉलमध्ये, फुलदाणीशेजारी ठेवतात. चोर आधी तोच उचलतो. माळ्यावर ठेवा, पण बंद पेटीत नको, हार्ड डिस्कला हवा लागते. नदीकाठच्यांनी तर तो वरच्या मजल्यावरच न्यावा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलं, तेव्हा काउंटरखाली ठेवलेले डबे मी स्वतः चिखलातून काढलेत. कॅमेरे वर शाबूत, रेकॉर्डिंग गाळात. हार्ड डिस्क किती घ्यायची त्याचा हिशोब असा: २ मेगापिक्सेलचा कॅमेरा चित्र दाबून साठवायच्या नव्या एच.२६५ पद्धतीने साधारण २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) घेतो, म्हणजे दिवसाला २१-२२ जीबी. चार कॅमेऱ्यांना १ टीबी अकरा-बारा दिवस पुरते. सुट्टीत पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर २ टीबी घ्या, नाहीतर तुम्ही परत येईपर्यंत पहिले दिवस पुसलेले असतात.

वायफायचा कॅमेरा असेल तर जागा पक्की करण्याआधी त्या ठिकाणी फोन धरून दार लावून व्हिडिओ कॉल करा. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी भिंतींपलीकडे वायफाय मरतं.

आता हे सगळं कॅमेरा विकत घेण्याआधी कसं तपासायचं? फुकटात. शिडीच्या घोड्यावर चढा, फोन आडवा धरा आणि जिथे कॅमेरा येणार तिथे भिंतीला टेकवा. फोनमध्ये ०.५ वाला रुंद कॅमेरा असेल तर त्याचं चित्र साधारण २.८ च्या लेन्सइतकं पसरतं, आणि १ वाल्याचं ३.६-४ च्या जवळपास. तंतोतंत नाही, पण अंदाज येतो. घरातल्या एकाला टोपी घालून, मान खाली घालून गेटमधून यायला सांगा. व्हिडिओ काढा. सकाळी आठला एकदा काढा. रात्रीचा अंदाज फोनवर येत नाही, त्यासाठी कॅमेरा आल्यावर तो दोन रात्री दोरीने नुसता बांधून ठेवा आणि तोच टोपीवाला पुन्हा चालवा. मग चित्र थांबवून ते आजी-आजोबांच्या हातात द्या आणि विचारा, हा कोण? त्यांनी ओळखलं तर पेन्सिलची खूण करा. नाही ओळखलं तर एक फूट खाली या, किंवा दोन पावलं जवळ.

गंगापूर रोडच्या काकांकडे मी नंतर गेलो होतो, न बोलावता. कॅमेरा ९ फुटांवर, बेलच्या बाजूला आणला. १४ फुटांवरची भोकं पुट्टी भरून बुजवली, पण रंग काही जुळला नाही. ते डाग खालून अजून दिसतात.